सेजला पानं फुटू नयेत म्हणून

हळ्ळीखेड (बी),
शिवरात्रीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप अक्कास,

गुरुराजचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरतंच समज. खरोखर घातला तर उठवायला दोन माणसं लागतील आणि घरात मी एकटाच आहे.) तुझे गुडघे, तुझी साखर, तुझ्या डाव्या कानातला तो शिट्टीसारखा आवाज, सगळं आहे तिथंच आहे ना? वाढलं नसेल तर बरं म्हणायचं. कमी झालं असेल अशी आशा आपल्या वयात कुणी करू नये, उगाच निराशा होते. चि. महेशकुमार, सूनबाई आणि मुलं यांना आशीर्वाद. मी इकडे ठीक आहे. म्हणजे जेवतो, झोपतो आणि मधल्या वेळात खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर काही नसतं.

हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर त्याचं असं आहे की तुझा फोन सूनबाई स्पीकरवर लावून देते. (तुला कमी ऐकू येतं म्हणूनच देते, तिच्या मनात वाईट नाही, हे मला मान्य आहे.) पण त्यामुळे आपलं बोलणं तुमच्या जेवणाच्या टेबलावर पोचतं, तिथून महेशकुमार ते गिरीला कळवतो आणि संध्याकाळी गिरी मला बेंगळुरूहून विचारतो की अप्पा, तुम्ही आत्याला असं का म्हणालात. म्हणून हे पत्र. आलं की पोथीत घालून वाच. पोथी वाचणाऱ्या म्हातारीला काय वाचतेस म्हणून कुणी विचारत नाही.

तुला ठाऊकच आहे की तुझी भावजय नेत्रावती गेल्यापासून गिरीनं माझ्यामागे लकडा लावला आहे, अप्पा, घर बंद करा आणि आमच्याकडे चला. मुलगा वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं, भांडून मोकळा झालो असतो. मी आपला एकेक कारण काढून दिवस ढकलत होतो. आधी वर्षश्राद्ध होऊ दे म्हटलं, मग गच्ची गळते ती दुरुस्त होऊ दे म्हटलं, मग अधिक महिना आला, तो देवानंच पाठवला. दसऱ्याला गिरी आणि जयंती आले तेव्हा माझ्याजवळ एकही कारण शिल्लक नव्हतं. जयंतीला ते कळलं असावं. माझी ही सून हुशार आहे, गिरीपेक्षा पुष्कळच. तिनं पर्समधून एक लहानसं पाकीट काढलं आणि म्हणाली, अप्पा, हे सेजचं बी आहे. तुळशीच्या कुळातलंच झाड, पानं करडी आणि मखमलीसारखी, बाहेरच्या देशात लोण्यात परतून खातात. तुम्ही हे कुंडीत लावा, तुम्हाला विरंगुळा होईल. गुढीपाडव्यापर्यंत चांगली पानं येतील. मग रोप आणि तुम्ही, दोघं मिळूनच या आमच्याकडे. आमच्या बाल्कनीत ऊन चांगलं येतं.

मी बी तळहातावर घेऊन बघितलं. मोहरीपेक्षा जाड, काळपट, गोल. हे परदेशी बी, हळ्ळीखेडचं ऊन आणि माझा हात! माझ्या हातानं आजपर्यंत फक्त मेथी उगवली आहे, तीही एकदाच, आणि ती सांडलेली होती. हे जन्मात उगवणार नाही याची मला इतकी खात्री वाटली की मी ताबडतोब म्हणालो, बरं, पानं आली की येतो. गिरीनं लगेच फोनमधल्या कॅलेंडरवर पाडव्याची खूण केली. (अक्का, तू सांगशील, शब्द देण्याआधी विचार करावा. मी केला होता, तो चुकला एवढंच.)

आता बी लावायचं म्हटल्यावर राघोबाला विचारणं आलं. आपल्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर, तूर आणि सोयाबीन करतो, माझाच विद्यार्थी. त्याच्या आधी त्याची बायको कमलबाई भिंतीवरून डोकावली आणि तिनं माझी तपासणी घेतली.

"सर, ह्याची भाजी व्हती का?"

न्हाई, म्हणालो.

"भाकरीसंगट खायाचं का?"

मला वाटत न्हाई.

"देवाला चालतंय का मग?"

ठाऊक न्हाई.

"मग लावायलाव कामून?"

कशाला लावता, यावर मी पाकीट राघोबापुढे केलं. राघोबानं मात्र काही विचारलं नाही. बी म्हणजे बी. त्यानं पाकीट हातात घेतलं आणि म्हणाला की आधी उगवण तपासल्याबिगर पेरायचं न्हाई, सर. तू इतकी वर्षं शहरात आहेस म्हणून आठवण करून देतो, आपल्याकडे पेरणीआधी बियाण्याचे दाणे ओल्या गोणपाटावर रांगेत मांडतात, गुंडाळी करून ठेवतात आणि काही दिवसांनी उघडून किती उगवले ते मोजतात. सोयाबीनच्या पोत्यातले शंभर दाणे गेले तर कुणाचं काही बिघडत नाही. इथं अख्ख्या पाकिटात तेवढं बी नव्हतं. राघोबानं पाकीट जवळजवळ सगळं गोणपाटावर ओतलं, कारण तपासणी कमी दाण्यांवर केली तर ती खरी नसते म्हणे. गुंडाळी गोठ्यात टांगली. बऱ्याच दिवसांनी ती उघडली तेव्हा दाण्यादाण्याला पांढरं शेपूट फुटलेलं. राघोबा खूष. फस्टक्लास बियाणं हाय सर, बिनघोर पेरा, म्हणाला. मी विचारलं, काय पेरू? तेव्हा त्यानं पाकिटात बघितलं आणि मग पाकीट उलटं करून बघितलं. आणि तपासलेलं बी? ते कमलबाईनं रिवाजाप्रमाणे गोणपाट झटकून भिंतीपलीकडे, म्हणजे माझ्या धुण्याच्या दगडाच्या बाजूला, कोंबड्यांना टाकलं होतं. अक्का, मी तोंड पाडून उभा राहिलो, पण खरं सांगतो, त्या दिवशी मला पुष्कळ महिन्यांनी नीट भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या.

पाकिटाच्या तळाशी चार-दोन दाणे चिकटून राहिले होते. ते मी रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत लावले आणि जयंतीनं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीच्या उलट केलं. ती म्हणाली होती ऊन द्या, मी जिन्याखाली ठेवले. पाणी बेताचं म्हणाली होती, मी सकाळ-संध्याकाळ तांब्या रिकामा केला. माती भुसभुशीत म्हणाली होती, मी शेतातली चिकट काळी माती घातली, जिच्यात पाय रुतला की चप्पल परत मिळत नाही. (हा काही मोठा गुन्हा नव्हे. मी झाड मारत नव्हतो, फक्त उगवू देत नव्हतो.) पण शेजाऱ्याच्या चांगुलपणापुढे माणसाचं काही चालत नाही. एक दिवस मी पेन्शनच्या कामाला हुमनाबादला गेलो होतो, तेवढ्यात राघोबाला माझ्या त्या डब्यांची दया आली. त्यानं काळी माती उपसून लाल मुरूम मिसळला, बी पुन्हा अल्लाद बसवलं आणि डबे आपल्या उन्हाच्या भिंतीवर नेऊन ठेवले. सरांस्नी काय कळतंय त्यातलं, असं तो कमलबाईला म्हणाला असणार, आणि बरोबरच म्हणाला. दिवाळी झाल्यावर दोन्ही डब्यांत एकेक रोप उभं राहिलं.

गिरी दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मी त्याला एक तिसराच, रिकामा डबा दाखवत होतो. अप्पा, अजून काहीच नाही? नाही रे. आणि तेवढ्यात माझ्या पाठीमागून कमलबाई दोन्ही काखांत दोन डबे घेऊन आली आणि थेट फोनपुढे धरून म्हणाली, हे बगा की ओ, उगवलंय. गिरी आणि जयंती तिकडे इतके हसले, इतके आनंदले, की मलाही दात दाखवावे लागले. त्या रविवारी मी दुपारी झोपलो नाही. नुसता पडून होतो.

पुढच्या रविवारी मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, आणि समज, रोप मेलं तर? गिरी म्हणाला, अप्पा, एक रोप तुमच्याकडून जगत नसेल तर तुम्हाला तिथं एकट्याला कसं ठेवू? म्हणजे बघ, जगलं तर जायचं आणि मेलं तर जायचंच. अडतीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं, पण असं दोन्ही बाजूंनी एकच उत्तर येणारं उदाहरण कधी घातलं नाही.

आणि याच्यावर कडी म्हणजे मला त्या रोपांचा लळा लागला. हसू नकोस. त्याचं पान खरंच मखमली असतं, आणि बोटांत चुरगळलं की वास येतो, कापराचा म्हणावा तर कापराचा नाही, गोधड्यांच्या पेटीचा म्हणावा तर तसाही नाही. सकाळी उठून मी आधी तो वास घ्यायचो आणि मग तोंड धुवायचो. त्यांच्याशी बोलायचो असं म्हणू नकोस. बोलत नव्हतो. आज वीज गेली आहे, दूधवाला आला नाही, एवढंच सांगत होतो. नेत्रावती गेल्यापासून ही असली माहिती कुणाला द्यायची राहून गेली होती.

मग आली येळवस. मार्गशीर्षातल्या अवसेचा तो दिवस पुण्यात तुम्हाला कळतसुद्धा नसेल. इकडे आजही सगळं गाव शेतात असतं. मी येत नाही म्हणालो होतो. पण राघोबा म्हणाला, सर, तुमचं बी पीक हाय औंदा, पिकाची येळवस चुकवायची न्हाई. त्यानं मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवलं आणि दोन्ही डबे माझ्या मांडीवर दिले. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेल्या दगडांचे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, माठभर आंबील, सगळं होतं. माझे डबे कोपीच्या दाराशी मांडले. पूजा झाल्यावर चर शिंपायला निघाले. आंबील घेऊन शेतभर फिरायचं, ओरडत शिंपडत जायचं, हे तुला सांगायला नको, लहानपणी त्यात तुझाच आवाज सगळ्यात मोठा असायचा. हरभऱ्याला शिंपडलं, ज्वारीला शिंपडलं, आणि मग सेजला. राघोबानं शिंपडलं, त्याच्या भावानं शिंपडलं, उदगीरहून आलेल्या पाहुण्यांनी शिंपडलं, कमलबाईनं डोळे मिटून शिंपडलं, आणि शेवटी माठात उरलेली आंबील वाया जाऊ नये आणि सरांच्या पिकाला कमी पडू नये म्हणून दोन्ही डब्यांत सारखी वाटून ओतली. ज्वारीच्या पिठाची, ताकातली, लसूण आणि मीठ घातलेली आंबील! मी बघत होतो. उठून थांबवायला हवं होतं. पण इतकी माणसं माझ्यासाठी इतक्या मनापासून काही करत आहेत, हे पुष्कळ दिवसांत घडलं नव्हतं. मी हात जोडून बसून राहिलो.

पौष लागला तशी रोपं देठापासून काळी पडली आणि मग आडवी झाली. कमलबाई म्हणाली, नजर लागली वो सर, एवढं चांगलं आल्तं. मी व्हय म्हणालो. आंबिलीचं मी तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, तूही चुकून बोलू नकोस. त्या दिवशी दार लावून मी रडलो, अक्का. नेत्रावतीच्या वेळी घरात इतकी माणसं होती की रडणं जमलंच नव्हतं. दोन्हींचं मिळून झालं असेल.

मग रविवार आला आणि मी ती चूक केली जिच्यामुळे हे पत्र लिहायची वेळ आली आहे. गिरीला मेलेलं रोप दाखवायचं नव्हतं. राघोबाच्या परसात पानओवा आहे. जाड, लव असलेली पानं, दुरून आणि आपल्या इथल्या नेटवर्कवर काहीही वाटू शकतं. त्याची एक फांदी डब्यात खोचली आणि फोनपुढे धरली. त्या दिवशी जयंतीची आई तिथं होती. तिनं बघितल्याबरोबर कन्नडमध्ये म्हटलं की ही तर आपली दोड्डपत्रे दिसते, म्हणजे पानओवाच. मी डबा फोनपासून मागे घेतला. पण जयंतीनं आईलाच समजावलं, अम्मा, एकाच कुळातली झाडं आहेत, सारखी दिसणारच. शिक्षणाचा असा फायदा मला आयुष्यात पहिल्यांदा झाला. फक्त पानओवा किती माजतो हे मी विसरलो होतो. आता तो डब्याबाहेर आला आहे, जमिनीला टेकला आहे. परवा गिरी म्हणाला, अप्पा, तुम्ही कमाल केली. पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही गाडी घेऊन येतो, तुमचं सामान आणि झाड दोन्ही मावेल अशी मोठी गाडी सांगितली आहे. जयंती त्या पानांचं लोण्यात काहीतरी करणार आहे, पहिला घास मला भरवणार आहे. आणि तो पहिला घास ओव्याचा निघणार आहे.

तिकडे जायला मी एवढा का घाबरतो, हे तूच मला विचारलं होतंस, आणि स्पीकर चालू होता म्हणून मी काही बोललो नव्हतो. बेंगळुरूची मला भीती नाही. तिथं माझं कन्नड ऐकून लोक हिंदीत उत्तर देतात, तेही चालेल. पण मागच्या वर्षी मी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? उन्हाळा होता. तू अकराव्या मजल्यावरच्या त्या दिवाणखान्यात बसली होतीस आणि सूनबाईला विचारलंस, अगदी हळू विचारलंस, की पंखा लावू का. ती बिचारी म्हणाली, अहो आई, लावा की, विचारता काय. तिचं काहीच चुकलं नाही. पण अक्का, तुझी हाक आपल्या ओसरीवरून वेशीपर्यंत जायची. मी परत येताना सोलापूरपर्यंत त्या पंख्याचाच विचार करत होतो. तुला वाईट वाटेल म्हणून हे लिहिणार नव्हतो. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

पत्र लांबलं. थोरल्या बहिणीला एवढं लांब रडगाणं ऐकवणारा भाऊ तुझ्या वाट्याला आला, त्याला तू तरी काय करणार. तब्येतीला जप, गोळ्या चुकवू नकोस.

तुझा धाकटा,
गुरुराज

ता. क. : एक काम होतं. पुण्यातल्या नर्सरीत सेजची तयार रोपं मिळतात असं ऐकलं. महेशकुमारला सूपमध्ये घालायला हवं म्हणून सांग आणि एक चांगलं पानांनी भरलेलं रोप पाडव्याच्या आत कुणाच्यातरी हाती पाठव. पानओवा मी राघोबाच्या शेळीला घालतो, ती कुठं काही बोलणार नाही.

आणखी एक : कुणाच्यातरी हाती असं वर लिहिलं खरं, पण मला तसं म्हणायचं नव्हतं. तूच घेऊन ये. आणि आलीस की राहा. चार दिवस म्हणून नव्हे, राहायलाच ये. नेत्रावतीची खोली उन्हाची आहे, झाडून ठेवली आहे. गिरीचं सगळं म्हणणं अप्पा एकटे आहेत यावरच उभं आहे. दोघं असलो तर तो काय बोलेल? महेशकुमारला माझी तब्येत बरी नाही म्हणून सांग. ते खोटं नाही. सोलापूरकडून येणारी बस हुमनाबादला थांबते, राघोबा जीप घेऊन येईल. हे एवढंच लिहायला मी एवढे कागद घेतले.

मंगळवार, पाकीट चिकटवण्याआधी : आज सकाळी कमलबाईनं भिंतीवरून मोठ्यानं हाक मारली. धुण्याच्या दगडाच्या आणि भिंतीच्या फटीत, नुसत्या मुरमात, वीतभर उंचीचं एक रोप उभं आहे. करडी, मखमली पानं. मी एक चुरगळून बघितलं. तोच वास. तपासलेल्या बियांतला एक दाणा कोंबड्यांच्या नजरेतून सुटला असावा. त्याला कुणी पाणी घातलं नाही, कुणी ऊन मोजून दिलं नाही, चरही शिंपला नाही. मी राघोबाला म्हणालो, काढून डब्यात लावू या. तो खाली बसला, बोटानं मुरूम जरा उकरून बघितला आणि म्हणाला, मूळ दगडाखाली गेलंय, सर. काढताव तर मरतंय. हितंच ऱ्हाऊ द्या.

गिरीला मी खरं तेच सांगणार आहे, रोप उत्तम आहे पण त्याला गाडीत बसता येणार नाही. आणि जयंतीचं म्हणणं रोप आणि तुम्ही, दोघं मिळून या, असं होतं. एकट्यानं निघून सुनेचा शब्द मोडणं मला बरं दिसत नाही.

तेव्हा पुण्याहून रोप आणू नकोस. तू ये. येताना रबरी चपला आण, दगडापाशी निसरडं असतं. तुझ्या खोलीतला पंखा फार आवाज करतो, पण तो कुणाला न विचारता लावायचा आहे.